अक्काची फुंकर

मी आज जो काही आहे तो अक्कामुळे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा तिनं सातवीतून शाळा सोडली आणि घर सांभाळलं. मी शिकत राहिलो, घरातला पहिला पदवीधर झालो. आता कानडी मुलखात, हेब्बाळला नोकरी करतो.

लहानपणी गुडघा फुटला की अक्का मला पायरीवर बसवायची, जखम पांढरीफटक होईपर्यंत पावडर शिंपडायची आणि हळूच फुंकर घालायची. रडणं थांबायचं ते त्या फुंकरीनं.

गेल्या महिन्यात इथल्याच शिवाजीनगरला जुनं लोखंडी कपाट घेताना तळहात कापला. मेडिकलमधून पावडर घेतली, भरपूर ओतली आणि रस्त्यातच उभा राहून फुंकर घातली. अक्का आठवली. तिसऱ्या दिवशी हात ठणकू लागला, म्हणून जवळच्याच एका दवाखान्यात गेलो. नर्सबाई मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, बोलण्यात मधूनमधून कानडी.

"अण्णा, जखमेवर पीठ कुणी मळलं?" त्या म्हणाल्या. पावडरीचा थर धुतला तर खाली पू. "आधी धुवायचं, कोरडं करायचं. मग पावडर स्वल्प, नावापुरती. डबीचं तोंड जखमेला लावायचं नाही. वर स्वच्छ पट्टी. आणि फुंकर तर नाहीच. तोंडातले जंतू आत जातात."

"माझी बहीण घालायची."

"मग बहिणीलाही सांगा, सरी? बरं का?"

मी हसलो आणि हसता हसता थांबलो. अक्काला साखर आहे, मधुमेह. चप्पल लागून तिच्या पायाला फोड आला होता. "पावडर टाकतेय, खपली धरलीय," असं ती रविवारी फोनवर म्हणाली होती. मी ते सांगितलं तसा नर्सबाईंचा हात थांबला.

"किती दिवस झाले?"

"पंधरा."

"ती खपली नाही, पावडरच असणार. खाली काय चाललंय कुणाला ठाऊक! साखरेत पायाची जखम घरी ठेवायची नसते. आजच दाखवायला सांगा."

बाहेर येऊन फोन लावला.

"बुकं शिकलास नि डॉक्टर झालास होय रे?" अक्का म्हणाली. "दुखतच नाही, तर दाखवू कशाला?" आणि फोन ठेवला.

पत्र मात्र ती शेवटपर्यंत वाचते. हॉस्टेलमधून पाठवलेली माझी सगळी पत्रं तिनं जपून ठेवलीत. म्हणून तिथेच बाकावर बसून मोठ्या अक्षरात कागदावर लिहिलं आणि त्याचा फोटो अक्काच्या शेजारच्या काकूंच्या फोनवर पाठवला.

"अक्का,

फोन ठेवलास म्हणून लिहितोय. पायावर आता पावडर घालू नकोस. आहे ती खरवडूही नकोस. स्वच्छ फडकं बांध आणि काकूंना घेऊन आजच दवाखान्यात जा. साखर आहे हे आधी सांग. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नाही. साखरेत पायाला कळतच नाही.

शनिवारी सकाळी मी पोचतोय. माझाही हात कापलाय, काळजी करू नकोस, नीट धुऊन पट्टी केलीय. फुंकर घालायची नाही म्हणतात. नाही घालणार. पण पट्टी बांधताना वाटत होतं, पायरीवर तू शेजारी असावीस.

तुझा धाकटा."