दत्तूभाऊंनी शिकवलेलं ‘न्हाई’

‘होय’ म्हणण्यापायी मी दोनदा नापास झालो.

तिसऱ्यांदा झालो असतो तर रेल्वेने घरी पाठवलं असतं. कायमचं.

ज्या माणसाने ते होऊ दिलं नाही, त्या दत्तूभाऊंची आज पुण्यतिथी.

मी शंभरीला टेकलोय. डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून नात टाइप करतेय. ती तळेगावला एका कंपनीत एचआरमध्ये आहे. सकाळपासून मी बोलत सुटलोय आणि ती म्हणतेय, आजोबा, जरा हळू.

कसलं हळू? आठवलं की अजून छातीत धडधडतं.

तर ऐका.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. मी वडिवळ्याच्या वरच्या वाडीतला, विशीतला गडी. लोणावळ्याच्या खाली घाटात पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा, म्हणून उमेदवारीवर लागलो.

आमच्या वाडीतला पहिला रेल्वेवाला. आईने घरोघर गूळ वाटला होता. नापास होऊन कुठल्या तोंडाने परत जायचं?

काम सोपं होतं. घाट उतरताना गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला चढावर नेऊन अडवायची, म्हणून रुळाला एक फाटा काढलेला असायचा. सांधा कायम त्या फाट्याकडे लावलेला. गाडी आली, पुरती थांबली, ड्रायव्हरने शिट्टी दिली, की मगच लिव्हर ओढून तिला मेन लाइन द्यायची.

थांबायच्या आधी दिली आणि ब्रेक गेलेले असले, तर गाडी दरीत.

मला हे सगळं पाठ होतं. झोपेत विचारा.

पण परीक्षेला साहेब आला. गोरा, तांबड्या मिशांचा. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, गाडी अगदी हळू येतेय, ड्रायव्हर हात दाखवतोय, मग तू मेन लाइन देणार ना?

मी म्हणालो, व्हय साहेब.

नापास.

दुसऱ्या खेपेला त्याने विचारलं, मी स्वतः सांगितलं तर देशील ना?

व्हय साहेब.

पुन्हा नापास.

आता तुम्ही म्हणाल, येडा होता का हा? नव्हतो. आमच्या वाडीत मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं म्हणजे त्याच्या ताटात माती टाकणं. पटो न पटो, व्हय म्हणायचं. हे आईच्या दुधाबरोबर आलेलं.

बाकीचे म्हणाले, याच्या डोक्यात शिरत नाही, द्या हाकलून.

दत्तूभाऊ कामशेतचे. माझे उस्ताद. किरकोळ शरीर, पण आवाज असा की इंजिनाची शिट्टी लाजेल. त्यांनी दोन दिवस माझ्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी शिकवता शिकवता त्याच सुरात म्हणाले,

“लक्ष्या, मी माकड हाय. समजलं का?”

“व्हय भाऊ.”

हसून हसून ते खाली बसले. मी शरमेने मेलो.

मग डोळे पुसत म्हणाले, “चूक तुजी न्हाई, माजी हाय. समजलं का, समजलं का, असं मीच इचारतो. तू दुसरं काय म्हननार?”

त्या दिवसापासून ‘समजलं का’ बंद.

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. म्हणाले, आजपासून तू उस्ताद, मी नवा गडी. शिकव मला.

आणि मुद्दाम चुकायचे. गाडी अजून सरकतेय आणि यांचा हात लिव्हरवर. मी नुसता घुटमळायचो. भाऊ, जरा थांबता का, तुमी म्हनत असाल तर ठीक हाय... असलं काहीतरी पुटपुटायचो. ते लिव्हर ओढल्यासारखं करायचे आणि सांगायचे, गेली गाडी दरीत. बस आता रडत.

असे किती दिवस गेले. एकदा मात्र मी त्यांचं मनगटच धरलं.

“न्हाई भाऊ.”

पोरगं पहिलं पाऊल टाकतं तेव्हा बापाचा चेहरा होतो ना, तसा त्यांचा झाला. डब्यातली अख्खी भाकरी त्यांनी मला खायला लावली.

तिसरी परीक्षा प्रत्यक्ष लिव्हरपाशी झाली. साहेब शेजारी. वरून मालगाडी आली, हळू झाली, सरपटायला लागली.

साहेब म्हणाला, थांबलीच समज. दे लाइन.

मी दत्तूभाऊंकडे बघितलं. ते डोंगराकडे बघत होते. मुद्दाम.

साहेबाने स्वतःच लिव्हरला हात घातला.

आणि मी, वडिवळ्याच्या वरच्या वाडीतल्या लक्ष्याने, गोऱ्या साहेबाचं मनगट धरलं.

“न्हाई साहेब. चाक फिरतंय.”

हात सोडला नाही. गाडी थांबली. शिट्टी झाली. मग मी साहेबाचा हात बाजूला केला आणि लिव्हर ओढली.

साहेबाने मनगट चोळलं. वहीत पास लिहिलं. मग दत्तूभाऊंना विचारलं, याला शिकवलं कुणी?

भाऊ म्हणाले, “त्योच मला शिकवतो, साहेब.”

नात सांगते, या पद्धतीला आता इंग्रजी नाव आहे आणि त्याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग असतं. असेल. पुढे माझ्या हाताखाली कितीतरी गडी आले. एकालाही मी ‘समजलं का’ विचारलं नाही. सगळ्यांना उस्ताद केलं.

भाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशी मी कामशेतला गेलो होतो. आवाज पार बसला होता त्यांचा. मला जवळ बोलावून म्हणाले,

“लक्ष्या, मी बरा शिकवायचो का रं?”

“व्हय भाऊ.”

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. “माजं मन राखाया म्हनतोस?”

मी त्यांचं मनगट धरलं.

“न्हाई भाऊ.”

ते हसले. तेच हसू घेऊन मी घरी आलो.

दत्तूभाऊ, तुमच्या लक्ष्याचा नमस्कार.