घोटभर ताक

केशरबाईच्या दारी ताकाला जाताना कुणाला भांडं लपवावं लागत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात दोन म्हशींवर तिनं संसार ओढला. लोणी विकलं, पण ताकाचा पैसा कधी घेतला नाही. गल्लीत कुणाचंही पोट बिघडलं की तिच्याच मडक्यातलं ताक लागे. बाई दिलदार, आणि हट्टी त्याहून.

एकोणसाठ साली तिच्या एकुलत्या एक देवीदासाला मुदतीचा ताप आला. नव्या कॅप्सुलांनी ताप उतरला, केशरबाईनं नारळ फोडला, आणि पोराचं तोंड आतून पांढरं झालं. घास गिळवेना.

डॉक्टर कोकणातला. तो म्हणाला, "औषधानं तापाचे जंतू मेले, तसे आतड्यातले चांगलेही मेले. रान मोकळं सापडलं म्हणून बुरशी माजलीय. हे जांभळं औषध तोंडात लावा, ताजं ताक घोटघोट द्या. चमचाभर खोबरेलही पाजा. त्यातल्या स्निग्ध आम्लांनी बुरशी दबते."

"डोक्याचं तेल पोटात? अन् मुदतीच्या तापात ताक?" केशरबाई उसळली. "ताकानं ताप उलटते, हे शेंबडं पोरगंही सांगते!"

खोबरेल तिनं लेकाच्या टाळूवर जिरवलं. जांभळं औषध अभद्र दिसतं म्हणून पदरानं पुसून काढलं.

रोज सकाळी घरात रवी घुमे. देवीदास खाटेवरून ऐके.

"माय, घोटभर दे ना."

"बरा हो बाप्पा, मंग गंगाळभर पे."

एकदा सून जमुना गुपचूप वाटी घेऊन गेली. केशरबाईनं ती हिसकून अंगणात भिरकावली. "नवऱ्याले मारून राहिली काय वं?"

पुढं पेजही उतरेना. पोरगा वाळत वाळत गेला. त्यानं प्राण सोडला त्या सकाळीही गल्ली भांडी घेऊन दारात उभी होती, आणि सगळ्यांना ताक मिळालं होतं. आईची माया म्हणून हे पातक माफ होतं थोडंच!

दहाव्याला मोर्णेच्या काठी पिंडाला कावळा शिवेना. केशरबाई हात जोडून कबूल करत राहिली, "जमुनेले लेकीवानी ठेवीन. म्हशी विकणार नाही." कावळा फांदीवरून हलेना.

तेव्हा जमुनेनं पदराआडून गडवा काढला आणि पिंडाजवळच्या द्रोणात ताक ओतलं. कावळा खाली आला. केशरबाईचा हात सवयीनं द्रोणाकडं गेला. जमुनेनं तो घट्ट धरला.

"आता तरी पिऊ द्या त्याईले, आत्याबाई."