अर्ज आमचा, सत्कार शेठचा

जवळ ये गं, कागदावरच का होईना, जरा जवळ ये. फोन केला की "आत्या, ड्यूटी आहे." सणाला बोलावलं की "सुट्टी नाही." दवाखान्यातल्या बाकीच्या नर्सना काय घरं नाहीत? दिवाळी गेली, आखाजी गेली, तुझा पाय घराला लागला नाही. का लागला नाही ते मला माहीत आहे, आणि त्याचाच मला राग आहे. थोडा तुझा, बाकी सगळा त्या शेठचा.

तुला ठाऊक आहे, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना कसं कळणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. माझा भाऊ, म्हणजे तुझा बाप, नाशिकच्या कडेला फुलं पिकवतो. झेंडू, शेवंती. ज्या साली झेंडूवर करपा पडला, त्याच साली तुझा नर्सिंगला नंबर लागला. आपल्या भागातले एक शेठ पोरांना शिक्षणाला मदत करतात असं कळलं. अर्ज मी लिहिला. मी शाळेत गेले नाही, पोरांच्या पुस्तकांवरून लिहायला शिकले, पण गल्लीतले सगळे अर्ज माझ्याच हातचे. लिहिलं की मुलगी हुशार आहे, बाप कष्टाळू आहे, यंदा फुलं हाती आली नाहीत, फीची सोय व्हावी. नोकरीला लागली की ती दुसऱ्या एखाद्या मुलीची फी भरेल. एवढंच. रडगाणं गायलं नाही.

शेठच्या हापिसातल्या माणसानं वाचून तोंड वाकडं केलं.

"आजी, ह्यात दुःख कुठंय?"

"फी नाही, हेच दुःख."

"एवढ्यानं शेठ हलत नाहीत. जरा भिजवून लिहा."

मी म्हणलं, "भिजवायला ती काय मटकी आहे?" तो हसला, अर्ज ठेवून घेतला. मला वाटलं, मिटलं.

पण मदत गुपचूप देतील तर ते शेठ कसले. वाढदिवसाला मोठा हॉल घेतला. ज्यांना मदत मिळणार त्यांनीच शेठचा सत्कार करायचा, अशी तिथली रीत. शाल, नारळ आपण न्यायचा. देणारा तो आणि ओवाळायचाही तोच. तुझ्या आईनं सकाळपासून बसून उरल्यासुरल्या शेवंतीचा हार ओवला, गुडघ्यापर्यंत येईल एवढा. किती मनापासून ओवला होता बिचारीनं.

तो हार शेठच्या गळ्यात पडला आणि हापिसातल्या त्याच माणसानं माईकवर आपला अर्ज वाचायला घेतला. कागद माझा होता, पण तोंडातून निघत होतं ते सगळं त्याचं. "वडील दारूच्या आहारी गेलेले. घरात चूल पेटत नाही." माझा भाऊ तिसऱ्या रांगेत बसला होता, धुतलेली टोपी घालून. ज्यानं जन्मात कधी तंबाखूसुद्धा मळली नाही, तो. भोवती सगळे मार्केटात रोज भेटणारे लोक, माना वळवून बघायला लागले. भाऊ उठला आणि निघून गेला. आणि तू स्टेजवर, हातात तो दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक धरून, तशीच उभी.

दुसऱ्या दिवशी मी हापिसात गेले. हे तुला सांगितलं नव्हतं. त्या माईकवाल्याला म्हणलं, "माझ्या भावाला तुम्ही दारुडा केलंत."

"आजी, मनाला लावून घेऊ नका. लोकांना असंच आवडतं. फी भरली ना?"

"फी शेठनं भरली. अब्रू कोण भरून देणार?"

"मग मदत परत करा."

परत करायची आमची ऐपत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच जोरावर तो बोलत होता. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं. अरे, बुडत्याला हात द्यायचा तर द्या, पण दुसऱ्या हातानं त्याचं धोतर कशाला ओढता? आणि शेठनं तरी कधी विचारलं का, हा बाप कोण, कुठं बसलाय? मार्केटात आजही एखादा तोंड वर करून भावाला विचारतो, "काय, सुटली का?" भाऊ फुलांचे क्रेट उतरवत राहतो.

आता तुझं. तुला वाटतं, तू स्टेजवर गप्प राहिलीस म्हणून बाप रुसलाय. परवा मी त्याला सरळ विचारलं, "तू हॉलमधून उठून का गेलास? पोरीचा राग आला होता का?" तो शेवंतीला पाणी देत होता. मान वर न करता म्हणाला, "नाय गं अक्का. तिचं तोंड दिसत होतं मला. मी समोर बसलो असतो तर तिनं चेक तिथंच टाकला असता. नंबर गेला असता पोरीचा. म्हून उठलो."

ऐकलंस? आणि तू त्याला तोंड दाखवायला लाजतेस. लाजायचं त्या माईकवाल्यानं, त्या हार घालून घेणाऱ्या शेठनं. तू कशाला?

दसऱ्याच्या आधी ये. झेंडू यंदा चांगला आलाय, तोडणीला माणसं कमी आहेत. पहाटे बापाच्या शेजारी टेम्पोत बस आणि त्याच्याबरोबर मार्केटला जा. कुणी काही विचारलं तर ह्या वेळी तू बोल. सुट्टी मिळत नसेल तर सांग, तुझ्या मोठ्या सिस्टरला अर्ज मी लिहिते. पण ये बाई, लवकर ये.