वळणावर न उलटणारी बग्गी

सखाराम मेस्त्रींची आणि माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहायला त्यांचीच परवानगी आहे. मी कळव्याच्या पाटलांची शर्यतीची बग्गी हाकत असे. चाक करकरते म्हणून ती ठाण्याला मेस्त्रींच्या कारखान्यात नेली, तर ते म्हणाले, "आधी वहाणा काढा." मी चिडलो. हा कारखाना आहे की देऊळ! पण पायफळीवर अनवाणी पाय ठेवल्याखेरीज हाकणाऱ्याला चाकाचे दुखणे कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बड्या गिऱ्हाइकांनाही ते सूट देत नसत. काहीजण रागावून निघून जात.

पुढे त्यांनीच बांधलेली पाटलांची नवी बग्गी कल्याणच्या रस्त्यावरच्या एका वळणावर भर शर्यतीत माझ्या हातून उलटली. घोडा लंगडा झाला. "याच्या हातान परत लगाम नाय देयाचा," पाटील चारचौघांत म्हणाले. हाकण्यावाचून मला दुसरे काही येत नव्हते आणि घरी खाणारी तोंडे होती.

दुसऱ्याच दिवशी मेस्त्री कळव्याला आले. त्यांनी मोडकी बग्गी उभी केली, पुढचा आस पूर्ण वळवला आणि सर्वांना दाखवले. आस मधल्या एकाच खिळीवर फिरत होता. त्यामुळे तीव्र वळणावर पुढची चाके गाडीखाली सरकत आणि एका बाजूचा आधार जाई. धक्के बसू नयेत म्हणून पायफळीखाली घातलेल्या चामड्यामुळे हाकणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नसे. "पाटील, यांचे हात चांगले आहेत. माझी गाडी वाईट आहे," मेस्त्री म्हणाले. गिऱ्हाइकांच्या देखत असे बोलणारा दुसरा कारागीर मी पाहिला नाही. मला रडू आले आणि मी ते लपवले नाही.

मग त्यांनी पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी खीळ दिली, आतले चाक बाहेरच्याहून अधिक वळेल असा दांडा जोडला आणि चामडे काढून टाकले. गाडी जरा कडक झाली, पण रस्ता पायाला कळू लागला.

चाचणीला माझ्यामागे कोणी बसेना. तेव्हा मेस्त्री आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, घेऊन आले. दोघे मागे बसले. "त्याच वळणावर न्या. आणि सावकाश नको हं," मेस्त्री म्हणाले. वळण भरधाव घेताना मागे कानोसा घेतला, तर दोघे लेकीच्या सासरच्या गोष्टी बोलत होते.

पाटलांनी त्याच संध्याकाळी लगाम मला परत दिला. मेस्त्रींना आणि लक्ष्मीबाईंना निरोगी दीर्घायुष्य लाभो. माझ्या हातात लगाम आहे तोवर त्या दोघांना कुठेही पायी जावे लागणार नाही.