आखूड हेडर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या माणसांना तर नाहीच. तुम्ही माझे कोण? — कुणी नाही, म्हणूनच कदाचित जमेल. ओळखीच्या माणसासमोर बसलो की माझी जीभ हमखास दुसरीकडे वळते. इंजिनाबद्दल म्हणाल तितकं बोलतो मी, समोरच्याच्या चहावर साय धरेपर्यंत.

वडीगोद्रीला हायवेवर माझं गॅरेज आहे. ट्रक-ट्रॅक्टरची कामं पोटासाठी, आणि शर्यतीच्या गाड्या — त्या हौसेसाठी. आमच्याकडे कापूस निघाला, रान मोकळं झालं, की कुणाच्या तरी शेतात चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारतात, वळणावळणाला मातीची पोती ठेवतात आणि गाड्या पळवतात. एका वेळी एकच गाडी सुटते. ज्याला वेळ कमी लागला त्याला ढाल, आणि मध्येच गाडी बंद पडली की बाद. लोक बांधावर बसून दिवसभर धूळ खातात आणि संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक जण ड्रायव्हर झालेला असतो.

दिगंबर, म्हणजे दिगू, माझा शाळेपासूनचा मित्र. शहागडचा. त्याच्यासारखा गाडी चालवणारा मी अजून पाहिला नाही. हे आज सहज म्हणतो, त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही. का नाही म्हणालो? हेवा वाटायचा, दुसरं काय. हात मी काळे करायचे आणि लोकांनी नाव त्याचं घ्यायचं. असो — हे कारण म्हणून सांगत नाही.

एका वर्षी आम्ही दोघांत मिळून चार सिलिंडरची एक जुनी पेट्रोल गाडी घेतली. तिला नवा हेडर करायचा होता. हेडर म्हणजे इंजिनातून धूर बाहेर काढणारे चार पाइप, पुढे जाऊन एकात मिळतात. त्यांची लांबी किती, यावर गाडीचा स्वभाव ठरतो. विहिरीत हाक मारली की ती खाली जाऊन परत येते ना? विहीर खोल असेल तर जरा उशिरा येते. पाइपातही धुराचा धक्का असाच जातो आणि परततो, आणि नेमक्या वेळेला परतला तर मागचा धूर ओढून काढायला मदत करतो. पाइप लांब ठेवले तर ही मदत इंजिन हळू फिरत असतानाच मिळते, म्हणजे वळणातून निघताना पिकप चांगला. आखूड ठेवले तर ती मिळते वर, इंजिन किंचाळायला लागल्यावर. मातीचं रान, पावलापावलाला वळण. तिथं काय हवं, हे एव्हाना तुम्हालाही कळलं असेल. मलाही कळत होतं.

दिगू लांबच ठेव म्हणत होता. मी आखूड केले.

आवाजासाठी केले. हसू नका — खरंच आवाजासाठी. जुन्या जालन्यात स्पेअर पार्टच्या दुकानात मी आधीच बोलून बसलो होतो, की असा हेडर करतो की तुम्ही गाडी बघायच्या आधी ऐकाल. पहिल्यांदा रेस दिली तेव्हा समोरच्या हॉटेलातली माणसं हातात कप घेऊन रस्ता ओलांडून आली. दिगू एक चक्कर मारून आला आणि शांतपणे म्हणाला, "खाली पिकप कमी वाटून राह्यला रे." मी त्याला काय म्हणालो? नाचता येईना अंगण वाकडं. चारचौघांत. सगळे हसले, तोही हसला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच गाडी घेऊन शहागडच्या पुलापर्यंत गेलो. येताना वेग कमी केला, दुसऱ्या गिअरमध्येच ॲक्सिलेटर दाबला. गाडी झोपली. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा झोपली, पिकप घेईचना. अंगण वाकडंच होतं, आणि वाकडं करणारा मी होतो. पाइप जोडून लांब करायला वेळ होता, सामान होतं. पण केले असते तर त्याच चारचौघांत कबूल करावं लागलं असतं. मी गाडी धुऊन ठेवली.

शर्यतीला दिगूचे वडील आले होते. तात्या. पोराच्या या नादाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नव्हतं, पहिल्यांदाच बघायला आले आणि फेटा बांधून आले. शेवटचं वळण संपतं तिथंच जुन्या बांधाची चढण होती. तिथवर घड्याळात दिगू सगळ्यांच्या पुढे होता. तो वळणातून निघाला, आणि गाडी झोपली. चढणीच्या मध्यात गचके खाऊन बंद पडली, मागे घरंगळली आणि पोत्यांना टेकली. बांधावरून शिट्ट्या आल्या. कुणीतरी म्हणालं, ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला गड्यानं, भ्याला.

तात्या खाली उतरून आले. दिगूला नाही, मला विचारलं. गाडीतलं कळणारा माणूस मी होतो ना.

"अंकुश, खरं सांग. भ्यालं का हे?"

दिगू हेल्मेट हातात धरून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याची स्वतःची खात्री नव्हती, हे मला स्पष्ट दिसलं — अशा क्षणी आपला पाय नेमका काय करत होता, कुणाला आठवतं? तो माझ्याकडून ऐकायला थांबला होता. मी जे म्हणेन ते तो खरं मानणार होता.

"चढ बघून पाय उचलला त्यानं, तात्या. गाडीत खोट न्हाई."

तुम्ही म्हणाल, घाबरला असशील, तोंडातून निघून गेलं असेल. मलाही काही दिवस तसंच वाटून घ्यायचं होतं. मग पुढचं ऐका. दिगू परत गाडीत बसला नाही. गाडी तूच ठेव म्हणाला. आता तो चालवणार नाही म्हटल्यावर मी आखूड पाइप काढून भंगारात टाकले आणि लांब बसवले — त्यानं सांगितले होते तेवढेच लांब. कुणाला कळू दिलं नाही. पुढच्या शर्यतीला अंबडचा एक ड्रायव्हर बसवला. रान तेच, चढण तीच. आम्ही ढाल आणली.

लोक काय म्हणाले असतील? गाडी तीच होती, ड्रायव्हर तेवढा बदलला. आणखी काय पुरावा पाहिजे? माझं खोटं त्या दिवशी पक्कं झालं, माझ्याच हातांनी केलेल्या वेल्डिंगसारखं. त्या ढालीवर माझं गॅरेज चाललं. जालन्याहून, बीडहून गाड्या यायला लागल्या.

दिगूचं आता शहागडला हार्डवेअरचं दुकान आहे. दारात गाडी आहे, पण लग्नाला जायचं झालं तर भाचा चालवतो आणि दिगू शेजारी वरची दांडी धरून बसतो. तात्या गेले ते तोच समज मनात घेऊन गेले. आणि माझ्याशी? माझ्याशी तो अजूनही चांगला वागतो. त्याचं मला फार वाईट वाटतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या महिन्यात तो मुलीला घेऊन गॅरेजवर आला. पूर्वा, बारावी झालेली. शर्यतीची एक गाडी जॅकवर उभी होती. पोरगी तिच्याभोवती फिरली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, काका, हे पाइप एवढे लांब का? मी तिला सगळं समजावून सांगितलं. खरं खरं सांगितलं, कारण इंजिनाबद्दल मी खोटं बोलत नाही. तिला लगेच कळलं. मग बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, मला शिकवाल चालवायला? अशीच, शर्यतीची.

मी काही बोलायच्या आत दिगू हसला.

"नको गं. आपल्या घरात न्हाई ते. ऐन टायमाला पाय उचलतो आपण. इचार काकाला."

ती माझ्याकडे वळली. बापाचं तिला पटलेलं नव्हतं, मी 'तसं काही नाही' म्हणावं म्हणून ती वाट बघत होती. दिगूही बघत होता, तसाच हसत. आता माझं काय जाणार होतं? गॅरेज उभं आहे, तात्या नाहीत, चारचौघंही नव्हते. आम्ही तिघंच होतो.

"खरं हाय बापाचं," मी म्हणालो.

तिनं बॉनेटवरचा हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला.