गोऱ्यांची मींड

आमच्या इंदूरच्या ऑफिसातले हेडक्लार्क, बडेबाबू, माणसाचं बोलणं ऐकण्याआधी त्याचा सूर ऐकत. साहेब केबिनमधून ओरडले की आम्ही फायली शोधत धावायचो. बडेबाबू डोळे मिटून पेटीची पट्टी सांगायचे, "काळी दोन. घाबरू नका. खरे चिडले की काळी चारला जातात." आणि ते बरोबर निघायचं.

कान वडिलोपार्जित होता. आजोबा संस्थानच्या फरासखान्यात. दरबारात सतरंज्या घालायच्या आणि गाणं संपेपर्यंत तिथंच थांबायचं. "खानदानी श्रोते आहोत आम्ही, भिया," बडेबाबू सांगत; आमच्याकडे भैयाचा भिया होतो.

त्यांचा पुतण्या लंडनला होता. त्याने तिकडच्या चार केसाळ पोरांच्या बँडची एक तबकडी पाठवली होती. बडेबाबूंनी ती अर्धीच ऐकली. "हे गाणं नाही, कल्हईचं दुकान आहे." पुढे पुतण्याचं पत्र आलं : बँडचा आवाज पार बदललाय, ठोकाठोकी कमी झालीय, एक जण चक्क सतार वाजवतोय, नवी तबकडी पाठवतो. "सुधारताहेत पोरं," बडेबाबू म्हणाले, आणि पार्सलची वाट बघू लागले.

ते मे महिन्यात आलं. मी नवा कारकून, म्हणून पोस्टातून आणायला सायकलवर मला धाडलं. परतताना मी शिकंजी प्यायला थांबलो. आमच्याकडची शिकंजी म्हणजे लिंबाचं सरबत नव्हे. केशर घातलेलं घट्ट दूध, ते घाईत पिता येत नाही. मी दोन ग्लास प्यालो. पार्सल कॅरिअरवर उन्हात.

संध्याकाळी त्यांच्या घरी ते उघडलं. तबकडी उन्हाने एका कडेला पापडासारखी वर आली होती. मला दिसलं. बडेबाबूंना नाही, कारण गाणं ऐकायचं म्हणजे ते आधी चष्मा काढून ठेवत. सुई टेकली. खरंच सगळं बदललं होतं. ढोल मऊ झाले होते, आवाज एकमेकांत मिसळत होते, मधूनच सतार. आणि या सगळ्यावर, तबकडी वाकली होती तिथे, सूर हळूच घसरायचा आणि परत वर यायचा.

"अरे भिया, सुन तो ले! मींड! गोऱ्यांना मींड सापडली! आणि दर आवर्तनाला त्याच जागी येते. सम सोडत नाहीत!"

आवर्तन तबकडीचं होतं. मी पार्सलचा दोरा गुंडाळत बसलो.

त्यांनी बँडला ऑफिसच्या थाटात अभिनंदनपत्र धाडलं, आणि मराठी मंडळात व्याख्यान ठरवलं. आदल्या दिवशी मी धीर करून म्हणालो, "बडेबाबू, ती तबकडी..."

"तबकडी नको म्हणू. ग्रंथ म्हण."

व्याख्यानात सुई टेकली आणि मागून कोणीतरी ओरडलं, "भिया, रिकार्डच टेढ़ी है!" सभा हसली. बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे.

त्यानंतर साहेब ओरडले आणि आम्ही पट्टी विचारली की ते म्हणत, "काय माहीत. कान वाकडा झालाय माझा." निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुन्हा कधी सूर सांगितला नाही. तो 'वाकडा कान' मी ऐकत राहिलो, वर्षानुवर्षं.

शेवटी राजेंद्र नगरात त्यांच्या घरी गेलो. ते अंथरुणाला खिळले होते. मी ऊन, कॅरिअर, शिकंजी, सगळं सांगून टाकलं. दुसरा ग्लाससुद्धा.

ते म्हणाले, "म्हणजे तबकडी वाकडी होती. कान नाही."

"कान नाही."

"आणि मींड?"

"मींड होती, बडेबाबू. मीही ऐकली."

ते उठूनच बसले. "अरे, मग ती इंदूरची! आपल्या उन्हाची! आणि श्रेय मी लंडनला देऊन बसलो? लिही, शुद्धिपत्र लिही!"

तो बँड केव्हाच फुटला होता. ते मी सांगितलं नाही, लिहून घेतलं. पत्र अजून माझ्याकडे आहे : "आमच्या पूर्वीच्या पत्रात नमूद केलेली मींड आपली नसून इंदूर येथील आहे, याची कृपया नोंद घ्यावी. कलाकार :" पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने माझं नाव घातलं होतं.

मी रडायला लागलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले. "पांढरी पाच," ते म्हणाले. "खरं रडतोयस."