बॅटरी कोण खातंय?

माझी जुनी गाडी आठवडाभर दारात उभी असते. रविवारी आईबाबांना मंगळवेढ्याला न्यायचं म्हणून किल्ली फिरवावी, तर नुसतं टक्‌टक्‌. बॅटरीवाल्याने सगळं तपासलं आणि म्हणाला, "बॅटरी ठणठणीत हाय मॅडम. गाडी बंद असताना कायतरी करंट खातंय."

मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळते, म्हणजे हे माझंच काम. पुढच्या सुट्टीला मीटर घेऊन अंगणात उतरले.

बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बॉनेट उघडल्यापासून ते माझ्याभोवती घोटाळत होते. "कशाला उन्हात तापतीस? मी रोज बॅटरीची वायर काढून ठेवतो की."

स्वतःहून पाण्याचा तांब्या न भरणारा माणूस रोज वायर काढायला निघाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून मध्ये मीटर जोडला. फ्यूजपर्यंत हात जावा म्हणून दारं उघडी ठेवली, पण गाडीला ती बंद वाटावीत म्हणून त्यांची लॉकं स्क्रूड्रायव्हरने दाबून टाकली. गाडीतली सगळी सर्किटं झोपी जाईपर्यंत थांबले. आकडा शून्याजवळ यायला हवा होता. तो थोडा उतरला आणि अडून बसला. एखादा लहान दिवा जळावा, एवढा करंट चालू होता.

"टेप असंल," बाबा म्हणाले. टेपचा फ्यूज ओढला. आकडा ढिम्म.

"मग हॉर्न. हॉर्न लई वाईट."

हॉर्नही निर्दोष सुटला. मग एक बारकासा फ्यूज ओढला आणि आकडा धपकन खाली आला. फ्यूजच्या तक्त्यात पाहिलं, तर तो छताचा दिवा, डिकीचा दिवा आणि पुढच्या सीटसमोरच्या कप्प्यातला दिवा यांचा.

"सापडलं न्हवं? मग टाकून दे तो फ्यूज," बाबा घाईने म्हणाले. "आमच्या एसटीत कुटं होता कप्प्यात दिवा?"

मी फ्यूज परत बसवला. छताचा दिवा बंदच होता. डिकीत मोबाईल शूटिंग चालू करून ठेवला आणि झाकण लावलं. नंतर पाहिलं, तर नुसता काळोख. उरला कप्पा. मी मीटरकडे गेले. आकडा पुन्हा वर.

"बाबा, कप्पा उघडा जरा."

कप्पा उघडायचा सोडून बाबा पुढच्या सीटवर बसले, गुडघे कप्प्याला टेकवून. "लई दमलो बघ."

आकडा खाली आला.

"गुडघे बाजूला घ्या." आकडा वर. "आता टेकवा." खाली. माझ्या लॅबमध्ये इतका स्वच्छ प्रयोग कधी झाला नव्हता, आणि बिचारे बाबा, आपण कशाचा पुरावा देतोय हे न कळता, सांगेन तसे गुडघे हलवत होते.

मी हसून हसून बॉनेटला टेकले. आवाज ऐकून आई बाहेर आली. तिने बाबांना उठवलं आणि कप्पा उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाच्या शेंगापोळ्यांची चळत बाहेर घसरली. त्या जाड चळतीमुळे कप्प्याचं झाकण नीट बसत नव्हतं आणि आतला दिवा रात्रंदिवस जळत होता. बाबांची साखर वाढल्यापासून आईने घरात शेंगापोळी बंद केली होती.

"रोज दुपारी गाडी पुसायला जाता, ते ह्यासाठी होय?"

"पुसतो की!" बाबा दुखावले गेले. "खाल्ल्यावर पुसतो."

आईने चळत पदराखाली घेतली. मी केबल जोडली.

त्यानंतरच्या रविवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. पुढच्या सीटवर आई बसली. मागून बाबा विजापूर रोड ओलांडेपर्यंत रिकाम्या कप्प्याकडेच बघत होते. शेवटी आईलाच राहवलं नाही.

"रविवारी चतकोर देईन. माझ्यासमोर खायची."

बाबांनी तळहातावर बोटाने माप घेतलं.

"चतकोर म्हंजे," ते पुढे वाकून म्हणाले, "पोळी केवढी करणार, त्यावर हाय की."